बाबांच्या पायांबद्दल, आणि काठीबद्दलही

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा आईने फोनवर सांगितलं, बाबा मोरीत तोंडाला साबण लावताना पुन्हा भेलकांडले. मागून बाबांचा आवाज आलाच, "काही नाही गं, पायांत दम राहिला नाही आता." पुढे काही विचारावं तर फोन आईच्या हातात. म्हणून पत्र लिहितेय. ते तुम्हाला मध्येच आईकडे देता येणार नाही.

बाबा, पायांत दम आहे. दिवाळीत मी तुम्हाला पाय ढकलायला लावत होते ना, ती तपासणीच होती. केळघर घाटात इतकी वर्षं क्लच दाबलेल्या पोटऱ्या अजून घट्ट आहेत. पण अंगठ्याच्या हाडावर तो थरथरणारा धातूचा काटा टेकवला तेव्हा तुम्ही विचारलंत, "कधी लावणार?" तो लागलेलाच होता. चप्पल उंबऱ्यातच निसटून राहते आणि तुम्ही अनवाणी अंगणात पोचता, त्याचंही कारण हेच. गाडी धडधाकट आहे, पण कंडक्टरची घंटी ड्रायव्हरपर्यंत येत नाही.

तुम्ही गिअर कधी बघून टाकलात का? नजर रस्त्यावर, आणि हात बरोबर दांड्यावर. हात-पाय कुठे आहेत हे न बघता कळतं, कारण स्नायूंच्या आत बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला, किती वेगाने ताणला, हे ते सतत कळवत राहतात. सांधे आणि तळव्याची कातडी त्यात भर घालतात. हे सगळं मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत जातं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की हे तंतू झिजतात, आणि सर्वांत लांबचे म्हणजे पायांचे आधी.

तोल सांभाळायला मेंदूकडे तीन वाटांनी माहिती येते: पायांकडून, डोळ्यांकडून आणि कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाकडून. तुमची पहिली वाट अंधूक झालीय, म्हणून दिवसभर डोळे तिचं काम करतात. चालताना तुम्ही जमिनीकडे बघता, ते वयामुळे नाही. साबण लागला, डोळे मिटले, की दुसरीही वाट बंद. एकट्या कानाच्या भरवशावर मोरीच्या ओल्या फरशीवर उभं राहणं अवघडच. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोम्बर्ग या डॉक्टरांनी हेच टिपलं होतं. पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं की असे रुग्ण डुलतात. आजही आम्ही ही चाचणी करतो. (आई, तू घरी करून बघू नकोस. पडले तर तुला सावरणार नाहीत.)

इंग्लंडमध्ये इयन वॉटरमन नावाचे गृहस्थ आहेत. १९७१ साली, १९ वर्षांचे असताना, एका आजारानंतर मानेखालची स्पर्शाची आणि हातापायांच्या ठावठिकाण्याची सगळी जाणीव गेली. स्नायू शाबूत, पण उठून बसताही येईना. मग प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून, डोक्याने ठरवून करायला ते शिकले. चालू लागले, गाडीही चालवू लागले. मात्र लाईट गेली की कोसळायचे. तुमचं तेवढं बिघडलेलं नाही, पण रात्री लाईट गेल्यावर तुम्ही उठून मीटर बघायला जाता, ते मला अजिबात पटत नाही.

तुम्ही म्हणाल, दिसतंय ना, मग झालं. पण डोळ्यांनी बघून पाऊल सुधारायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी दोन-तीन मीटर पुढे गेलेली असते. म्हणून मेंदू वाट बघत नाही, अंदाज बांधतो. पाऊल टाकण्याआधीच ते कुठे आणि कधी टेकेल हे मागचा लहान मेंदू धरून चालतो, आणि पायांकडून आलेल्या माहितीशी ते ताडून बघतो. अंधारात जिना संपलेला असतो आणि आपण आणखी एक पायरी धरून पाय टाकतो, तेव्हा बसणारा दचका हा त्या चुकलेल्या अंदाजाचा. पायांकडून माहितीच उशिरा आणि अर्धवट आली, तर ताडणार कशाशी?

आता काठी. तुम्हाला वाटतं काठी म्हणजे म्हातारपणाची पाटी. प्रयोगांत दिसलंय की बोटाचं टोक स्थिर वस्तूला नुसतं टेकवलं, अजिबात भार न देता, तरी माणूस कमी डुलतो. बोटांकडून मेंदूला कळतं की अंग कुठे कललंय. तुमच्या हातांच्या नसा अजून चांगल्या आहेत, काठीतून जमीन त्यांना कळेल. अंगाचा भार टाकूच नका, फक्त टेकवत चला.

आई, बाकीचं तुझ्याकडे. मोरीत भिंतीला दांडा बसवून घे आणि तोंड धुताना बाबांना स्टुलावर बसव. पॅसेजमधला दिवा रात्रभर राहू दे, बिलाची कटकट मी ऐकून घेईन. तळवे रोज तू बघ, खडा टोचला तरी त्यांना कळणार नाही. डॉक्टरांना रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांग. बाबांची साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, बरीच वर्षं चालू आहे, तिने ते कमी होऊ शकतं, आणि त्यानेही हेच होतं. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. काठी पुण्यातून आणते, उंची मापून कापायला लागेल, तेव्हा बाबांना कुठे बाहेर पाठवू नकोस.

तुमची,
ताई