नाणं हातात असताना न बोलणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

वयानं तुम्ही माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असाल, पण त्या दिवसापासून मनातल्या मनात मी तुम्हाला ताईच म्हणतोय, तर तेच राहू दे. तुम्हाला मी आठवणारही नाही कदाचित. नाण्यांच्या प्रदर्शनात शेवटच्या दिवशी, सगळे टेबलं आवरायच्या घाईत असताना, शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढून ‘जरा बघता का’ म्हणणारा तो मी.

आधी माझी रड सांगतो, म्हणजे हे पत्र कशासाठी ते कळेल.

ते नाणं माझं पहिलं. १९१८ सालचं सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं, एका बाजूला राजे पाचवे जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून राक्षसी सर्पाला मारणारा संत जॉर्ज. पिस्त्रुच्ची नावाच्या कोरक्यानं १८१७ च्या नाण्यासाठी कोरलेलं ते चित्र दोनशे वर्षं झाली तरी सॉव्हरिनवर येतंच आहे. संग्राहकांना मात्र चित्रापेक्षा त्याच्या पायथ्याशी असलेल्या जागेत जास्त रस असतो. घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर, तारखेच्या अगदी डोक्याशी, टांकसाळीचं इवलंसं अक्षर असतं, लंडनच्या नाण्यावर मात्र ते नसतं. तेवढ्या अक्षरावरून कळतं की नाणं कुठल्या देशात जन्मलं. माझ्या नाण्यावर ते अक्षर मला साध्या डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून मी ते एका जाणकारांकडे घेऊन गेलो.

या जाणकारांनी नाणं पुडीतून चिमटीत धरून बाहेर काढलं, अंगठ्यानं घासलं, मग खिशातला रुमाल काढून घोड्याच्या पायाखालची जागा खसाखसा पुसली. भिंग लावलं. ‘अक्षर नाही. म्हणजे लंडनचं. साधंच आहे.’ आणि नाणं टेबलावर टाकलं. ठेवलं नाही हो, टाकलं. ते दोन उड्या मारून माझ्याकडे आलं.

आज मला ठाऊक आहे की १९१८ सालचं लंडनचं सॉव्हरिन असूच शकत नाही. महायुद्धाच्या धामधुमीत लंडनच्या टांकसाळीनं १९१७ नंतर सॉव्हरिन पाडणं थांबवलं ते थेट १९२५ पर्यंत. १९१८ ची सगळी बाहेरची: सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि त्या एकाच वर्षी मुंबई. म्हणजे अक्षर नसेल तर ते झिजलं असेल, नाहीतर नाणंच खोटं. या दोन्हींपैकी एकही शक्यता त्या गृहस्थांच्या मनात आली नाही. अज्ञानाचं मला वाईट वाटत नाही, मीही अडाणीच होतो. राग आहे तो रुमालाचा. तो कायमचा राहणार, कारण त्यानं उमटवलेल्या बारीक रेघा कायमच्या आहेत.

दुसरे भेटले ते फोटोवाले. त्यांनी समोरून फ्लॅश मारला. सोन्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर समोरून फ्लॅश म्हणजे आरशावर बॅटरी मारण्यासारखं, सगळा राजा पांढऱ्या डागात बुडाला. मग त्यांनी संगणकावर रंग चढवला आणि मला जे दिलं ते नाणं नव्हतं, पितळेचं बटण होतं. तिसऱ्यांनी तर फोटोचीच चेष्टा केली. ‘कशाला एवढा उपद्व्याप? पर्थचं असो की लंडनचं, आत सव्वासात ग्रॅमच्या वर थोडं शुद्ध सोनं. वितळवलं की सगळी सारखी.’ हिशेब बरोबर आहे. ७.९८८ ग्रॅम वजन, बावीस कॅरेट, म्हणजे ७.३२ ग्रॅम सोनं. पण माणसांनाही वितळवलं तर सगळी सारखीच होतील, म्हणून कुणी एकमेकांचे फोटो काढायचं थांबवत नाही.

तर अशी तीन माणसं पचवून मी तुमच्या टेबलाशी आलो होतो. चौथ्या अपमानाची तयारी ठेवून.

तुम्ही पुडीकडे पाहिलंत आणि क्षणभर कपाळाला आठी पडली. म्हटलं, झालं. पण तुम्ही काही न बोलता पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेलात, हात धुऊन आलात, ते नीट कोरडे केलेत. टेबलावर मऊ टॉवेल दुहेरी घडी करून पसरलात. मग माझ्याकडे बघून विचारलंत, ‘घेऊ?’

मी मान हलवली. तुम्ही नाणं दोन बोटांनी कडेला धरून उचललंत आणि टॉवेलच्या वर चार बोटं उंचीवर फिरवू लागलात. मी आपला बडबडतोय, कुठे घेतलं, कुणी काय म्हटलं. तुम्ही गप्प. मी विचारलं, ‘खरं आहे ना?’ तुम्ही गप्प. मला वाटलं, बाईंना कंटाळा आलाय, जायची घाई आहे, शिष्टपणा आहे. काय काय वाटलं! मग तुम्ही नाणं टॉवेलवर अलगद ठेवलंत, मान वळवलीत, आणि दुसरीकडे तोंड करून म्हणालात, ‘नाणं तोंडासमोर असताना मी बोलत नाही. थुंकीचे कण उडतात, डाग पडतात. तुम्ही विचारलं ते सगळं ऐकलंय.’ आणि मी विचारलेल्या एकेका प्रश्नाचं क्रमानं उत्तर दिलंत.

ताई, मी त्यासाठी हे पत्र लिहितोय. अक्षर सापडलं, फोटो छान आला, ते सगळं नंतरचं. नाणं खरं की खोटं हे तुम्हाला तेव्हा माहीतही नव्हतं. बाजारात पन्नास दिसतील असं एक झिजकं सॉव्हरिन, आणलं कुणी तर अनोळखी माणसानं, तेही गचाळ पुडीतून. तरी तुम्ही त्याच्यापुढे तोंड मिटून बसलात. रुमालवाल्यांनी त्याची लायकी आधी ठरवली आणि मग त्याला हात लावला. तुम्ही आधी हात धुतलेत. सभ्यपणा म्हणजे लोकांना वाटतं गोड बोलणं. मला गोड बोलणारे कितीतरी भेटलेत, फोटोवाले तर फारच गोड बोलत होते. पण जे समोरच्याच्या वस्तूला, मग ती नाणं असो, जुनं पुस्तक असो की आजारी माणसाचा रिपोर्ट असो, उचलण्याआधी ‘घेऊ?’ विचारतात, ती माणसं निराळी. अशी माणसं काम संपल्यावर आपल्या लक्षात राहत नाहीत, कारण त्यांनी काही बिघडवलेलं नसतं. म्हणून लिहून ठेवतोय.

उजेडाचं जे शिकवलंत ते मी इथे पाल्हाळ लावून सांगत नाही, तुम्हाला ते पाठच आहे. एवढंच सांगतो की साधी काच पंचेचाळीस अंशांत तिरकी धरून बाजूचा उजेड नाण्यावर सरळ वरून पाडता येतो हे पाहिलं तेव्हा मी लहान मुलासारखा हसलो होतो. राजाच्या दाढीचा एकेक केस उठून आला. पण अक्षर तरीही नाही. मग तुम्ही काच काढलीत आणि एकच छोटा दिवा नाण्याच्या जवळजवळ पातळीत, अगदी खाली आणलात. सगळं नाणं काळोखात गेलं, आणि त्या काळोखात जमिनीच्या पट्टीवर एक पुसट उंचवटा सावली टाकू लागला. तुम्ही दिवा जरा फिरवलात. एक उभी दांडी, वर डावी-उजवी न कळणारी गाठ. आणखी जरा. ‘पी’.

पर्थ.

खरं सांगू? मनातून मला ‘आय’, म्हणजे मुंबईचं अक्षर, हवं होतं. मुंबईत रॉयल मिंटची, म्हणजे लंडनच्या त्या टांकसाळीची, शाखा जेमतेम सुरू झाली आणि १९१९ मध्ये बंदही झाली. तिथे ‘आय’ खुणेची तेरा लाखांना थोडी कमी सॉव्हरिनं पडली, तीही फक्त १९१८ ची. त्याच वर्षी तिथे पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही पडली, वजनाला आणि आकाराला हुबेहूब सॉव्हरिन. ‘आय’ निघालं असतं तर मला चारचौघांत सांगायला गोष्ट झाली असती. पर्थचं सॉव्हरिन काही दुर्मीळ नाही. तुम्ही तेही लपवलं नाहीत, आणि चेहराही पाडला नाहीत. ‘ऑस्ट्रेलियाच्या खाणीतलं सोनं, एवढा समुद्र ओलांडून आलंय,’ म्हणालात. तोंड बाजूला करून.

रुमालाच्या रेघांबद्दल मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की त्या जाणार नाहीत, आणि घालवायचा प्रयत्न केला तर आणखी पडतील. मग मला दोन फोटो काढून दाखवलेत. एकात पसरट उजेड, रेघा गायब. दुसऱ्यात तिरपा, रेघा दिसताहेत, पण नाण्याची मूळची झळाळीही दिसतेय, नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते ती. ‘कुठला हवा?’ मी दुसरा घेतला. भिंतीवर तोच आहे.

निघताना तुम्ही तुमच्याकडची बावीस मिलिमीटरची एक डबी दिलीत आणि माझी पुडी कचऱ्यात टाकलीत. तेवढी एक गोष्ट मात्र न विचारता केलीत. बरं केलंत.

आता घरी माझं काय चाललंय ते सांगतो. आहे तो सगळा मामला लहान नाण्यांचा, मोठी परवडत नाहीत. फ्रान्सचा कोंबडा आहे, वीस फ्रँकचा, १९०७ चा. त्याच्या शेपटीची पिसं मला आत्ता कुठे जमायला लागलीत. डच डुकाट आहे, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. ते इतकं मऊ की शिलेदाराच्या हातातली बाणांची मोळी प्रत्येक नाण्यावर वेगळी झिजलेली असते म्हणतात, माझ्याकडे एकच असल्यानं मी गप्प बसतो. ऑस्ट्रियाचं चार डुकाटचं नाणं एका मित्राकडून फोटोपुरतं आणलं होतं. तळहाताएवढं दिसतं आणि वजन चौदा ग्रॅमच्या आत, इतकं पातळ की उचलताना वाकेल याची धास्ती. त्यावरचा सम्राट १९१६ मध्ये गेला, नाण्यावरची तारीख १९१५ वर थांबली, आणि टांकसाळ अजून त्याच तारखेनं पाडतेय. मित्रानं त्याच्याच क्रूगररँडचाही, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या नाण्याचाही, फोटो काढायला सांगितला. तेव्हा समजलं की तांब्यामुळे त्याचा रंग डुकाटशेजारी किती लालसर दिसतो. कॅमेऱ्याच्या आपोआप ठरणाऱ्या रंगावर सोडलं तर दोन्ही एकाच हळदीत बुडवल्यासारखी येतात. करडा कागद शेजारी ठेवून रंग जुळवायचा तुमचा सल्ला तिथे कामी आला.

एक तक्रार मात्र आहे. नाणं हातात घेतलं की मी आता बोलत नाही, आणि बायकोला वाटतं मी रुसलोय. परवा तिनं तीन वेळा विचारलं, काय झालं, काय झालं. मी नाणं टॉवेलवर ठेवलं, तोंड वळवलं आणि म्हटलं, काही नाही. तिला ते आणखीच वाईट वाटलं.

सोबत एक फोटो जोडतोय. मेक्सिकोचं दोन पेसोंचं, तेरा मिलिमीटर, माझ्याकडचं सगळ्यात लहान. निवडुंगावरचा गरुड. डाव्या पंखावर उजेड जास्त झालाय आणि सापाच्या डोक्यावर फोकस चुकलाय, ते दोन्ही मला दिसतंय. तिसरं काही चुकलं असेल तर कळवा.

तुमचा,
प्लास्टिकच्या पुडीवाला