भगत, सलाईन आणि पंचकर्म

महाड,
नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

तुझं केरळातलं पंचकर्म वाचलं. शिरोधारा काय, स्नेहपान काय, मजा आहे लेका! पण शेवटी लिहिलंस ना, 'तुमच्याकडचे कातकरी अजून मंत्रतंत्र करणाऱ्या भगताकडेच जातात, शहाणे कधी होणार?' ते काही पचलं नाही.

अरे, तेल मानवलं नाही तर तू दुसऱ्या दिवशी कॅशलेस विम्यावर मोठ्या हॉस्पिटलात दाखल होशील. वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरणीच्या पोराला रात्री विंचू चावला, तर तिच्यासमोर कोण असतं? भगतच. तो वाडीतच राहतो, हाक मारली की उठतो, नारळ-कोंबडीवर भागवतो, आणि 'आधी डिपॉझिट भरा' म्हणत नाही. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन लावायचा तर रेंजसाठी टेकाड चढावं लागतं.

आपल्या लाल विंचवाचंच घे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा डंख झालेली माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस. लोक भगताला बोल लावत, पण दवाखान्यातही तेव्हा धड उपाय नव्हता. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी लागू पडली आणि मरणारे वाचू लागले. पेंढा उचलणाऱ्या, अनवाणी माणसांचा आजार म्हणूनच त्याच्याकडे इतकी वर्षं कोणी नीट पाहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत.

आणि उलटी गंमत बघ. तू आयुर्वेदासाठी हजारो मोजतोस. इथला बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचीच पदवी घेतलेला डॉक्टर चूर्णाच्या पुड्या बांधू लागला तर त्याच्या दवाखान्यात माशा फिरतील. परवा त्याच्याकडे बसलो होतो. एक बाई आली, अंगात ताप, कमरेला कोयता तसाच. म्हणाली, "डॉक्टर, सुई मारा, उद्या खाडा परवडत नाही." दोन दिवस विश्रांती घे, असं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने मुकाट्याने इंजेक्शन भरलं. मुंबईत आयएमए ही ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना 'क्रॉसपॅथी बंद करा' म्हणते, म्हणजे एका पॅथीच्या डॉक्टरने दुसरीची औषधं देऊ नयेत. एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची मुभा देणारा २०१४चा कायदाही त्यांनी कोर्टात नेलाय. रुग्णाच्या सुरक्षेचा त्यांचा मुद्दा खोटा नाही, पण एमबीबीएस वाडीवर यायला तयार नाही त्याचं काय? (आपल्या वर्गातला हुशार बाळ्या आठव. गाव सोडलं ते सोडलंच.)

२०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलंय. योग्यच आहे. पण दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन नसलं, डॉक्टर नसला, तर त्या कायद्यात कोणालाच शिक्षा नाही.

तुझ्या कंपनीत सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठीचे पैसे पडून असतात म्हणालास. कृपा करून आरोग्य शिबिर काढू नका. बीपी मोजतात, फोटो काढतात आणि जातात. रात्री वाडीपर्यंत येणारी एक जीप आणि ड्रायव्हरचा पगार, एवढं होतं का विचार. डिझेलचं मी इथे बघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सद्या