आजपासून हाफ तिकीट

धायरी, पुणे
३ जून २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, डोळ्यात ड्रॉप वेळच्या वेळी घालतेस ना? हे पत्र तू वाचायचं नाहीस. बाबा मोठ्याने वाचतील, तू गॉगल लावून कॉटवर पडून ऐक. फोनवर सोन्याच्या वाढदिवसाचं थोडंफार सांगितलं, पण तेव्हा तो मध्येमध्ये फोन ओढत होता. आणि एक गोष्ट फोनवर बोलायला मला जमलीच नाही. ती आधी सांगते.

मार्चपासून ह्यांना काम नाही. कंपनीने एक शिफ्ट बंद केली, त्यात ह्यांचं नाव आलं. आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरत होती, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. घर माझ्या पगारावर चाललंय, घराचा हप्ता एकदाही चुकलेला नाही. ह्यांचे दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झालेत, एका ठिकाणाहून पुन्हा बोलावणं आलंय. बाबा, तुम्ही शेजारच्या काकांच्या मोबाईलवरून पाच हजार पाठवलेत आणि फोनवर एवढंच म्हणालात, "पोराला काही कमी करू नकोस." तुम्हाला कळलं होतं ना? चेहरा बघून सुट्टे कुणाकडे आहेत नि कुणाकडे नाहीत हे ओळखण्यात तुमची एस.टी.तली सगळी कंडक्टरकी सरली, माझा आवाज तुम्हाला कळणार नाही कसा!

ते पाच हजार तसेच आहेत. वाढदिवस १७१० रुपयांत झाला. तुम्हाला हिशोब लागतो, तो पुढे लिहिलाय.

आमच्या सोसायटीत आता वाढदिवस हॉलमध्ये होतात. मीही आधी चौकशी केली. वीस मुलांचे चौदा हजार सांगितले, केक वेगळा. रात्री झोप लागेना. सोन्याला विचारलं, तुला वाढदिवसाला काय पाहिजे? म्हणाला, "आबांची एस.टी." त्याला खेळण्यातली गाडी हवी असेल असं वाटलं, तर म्हणाला, "नाही, बसायची."

मग एकेक आठवायला लागलं. एक जून म्हणजे एस.टी.चाही वाढदिवस, हे तुम्हीच त्याला शंभरदा सांगितलंय. त्याच दिवशी तो पाच वर्षांचा होणार, म्हणजे एस.टी.त त्याचं फुकट बसणं संपून हाफ तिकीट सुरू. आणि बाबा, शाळेच्या दाखल्यावर तुमची तारीखही तीच. नाव घालताना गुरुजींनी १ जून १९५० लिहून टाकलं. आजी म्हणायची की तुम्ही बेंदराच्या आसपासचे, पण सरकारदरबारी तुमचा जन्म एक जूनचाच. या एक जूनला तुम्हाला पंच्याहत्तर पूर्ण झाली आणि एस.टी.चा प्रवास मोफत झाला. नातवाचं तिकीट सुरू झालं त्याच दिवशी आजोबांचं बंद झालं. हे जुळून आलं तेव्हा रात्री साडेअकरा वाजता मी ह्यांना उठवून सांगितलं.

हे दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दुकानातून दोन मोठी खोकी घेऊन आले, पन्नास रुपयांत. तीन महिन्यांत पहिल्यांदा ह्यांना इतकं मन लावून काही करताना पाहिलं. खिडक्या कापल्या, स्टीलचं ताट ठेवून चाकं आखली, लाल रंगाचे दोन हात दिले. पुढे पाटी: पुणे–वाई, मार्गे शिरवळ. पताका घोटीव कागदाच्या, चिकटवल्या मैद्याच्या खळीने. आई, तू गौरीच्या सजावटीला करायचीस तशी खळ, गुठळी न होऊ देता. यंदा पाऊस मेमध्येच आला, तुमच्याकडेही झोडपलं असेल. गच्चीचा बेत रद्द करून सेक्रेटरींकडून पार्किंग मागून घेतलं. तरी एका रात्री वळचणीचं पाणी आत आलं आणि गाडीचं पुढचं तोंड भिजून लोळागोळा झालं. सोन्या रडला नाही. म्हणाला, "ब्रेकडाऊन झालीय, डेपोत न्या." दुसरं खोकं कापून नवं तोंड बसवलं.

आता आई, हे नीट ऐक. दोन वर्षांपूर्वी तू मला शिलाई मशीनवर घालायला बाबांचा जुना खाकी शर्ट दिला होतास. तो उसवला. पाठीचं कापड विरलंय, पण पुढचा भाग अजून धड आहे. त्यातून सोन्याला कंडक्टरचा शर्ट शिवला. बाबा, खिसा मी तुमचाच ठेवला, कापून लहान केला नाही, त्यामुळे तो त्याच्या निम्म्या छातीभर आलाय. खिशाच्या तळाला बॉलपेनच्या शाईचा डाग आहे. वरच्या शिवणीजवळ बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं आहेत आणि बिल्ला असायचा तेवढ्या जागी खाकी रंग जुनाच, गडद राहिलाय. बाकीचा शर्ट धुऊन धुऊन पिवळट पडला, तेवढी जागा तशीच. इस्त्री फिरवताना तिथे माझा हात थांबला. भोकं बुजवली नाहीत.

रविवारी साडेचारला मुलं आली, अठरा जण. वेळ मुद्दाम साडेचार ते साडेसहा ठेवली, म्हणजे जेवणाचा प्रश्न नाही, खाऊवर भागतं. आधी औक्षण. कणकेचे पाच दिवे लावले, आणि बाबा, एक सहावा तुमच्या नावाचा. ताटात सुपारी आणि माझी अंगठी. सोसायटीतल्या बऱ्याच मुलांनी औक्षण पाहिलंच नव्हतं, सगळी गोल करून बघत उभी राहिली. एका मुलीने विचारलं, "फुंकर कधी मारायची?" सोन्याने तिला सांगितलं, "हे दिवे विझवायचे नसतात."

मग गाडी सुटली. प्रत्येकाला एक तिकीट, कागदावर मीच आखून झेरॉक्स काढलेलं, वर ‘हाफ’ लिहिलेलं. माझ्या ऑफिसचा भोक पाडायचा पंच सोन्याच्या हातात. तुमचा पंच तुम्ही रिटायर होताना डेपोत जमा केलात, तो असता तर! देवघरातली घंटा सुतळीने बांधून गाडीत टांगली होती. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे मुलांना पाच मिनिटांत पाठ झालं. खोक्यात एका वेळी चारच मावायची, बाकीची मागून एकमेकांचे खांदे धरून.

स्वारगेटहून निघालो. कात्रजला बोगदा: चार खुर्च्यांवर आईच्या दोन जुन्या साड्या टाकल्या होत्या, मुलं रांगत आरपार गेली. शिरवळला थांबा, तिथे पन्हं. खंबाटकीचा घाट म्हणजे पार्किंगचा चढ, त्यावर लिंबू-चमचा. सुरूर फाट्यावर सगळी उतरून गोल बसली आणि ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळली. हा खेळ चारच मुलांना माहीत होता. पण सगळ्यात जास्त वेळ तोच चालला, घंटा वाजवली तरी कुणी गाडीत बसेना. प्रत्येक थांब्यावर सोन्या तिकिटाला भोक पाडायचा, खरंच एकेकाजवळ जाऊन, "चला, पुढं सरका" म्हणत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, बाबा. तुमच्याबरोबर वाईच्या स्टँडवर बसून त्याने ऐकलेलं.

वाई आली ती ढोल्या गणपतीच्या चित्रापाशी, तिथे केक. रव्याचे दोन केक कुकरमध्ये केले, गॅस्केट-शिट्टी काढून, तळाला मीठ, वर रिंग. रवा, दही, साखर, तूप, आणि आई, तू पाठवलेल्या रायवळ आंब्यांचा रस. पहिला केक बाहेर काढायची मी घाई केली, तो मधे बसला. दुसऱ्याला पाऊण तास दिला, तो सुरेख फुलला. बसलेला खाली, फुललेला वर, मधे आमरस. कुणीही क्रीमचं नाव काढलं नाही. मग भेळ. चुरमुरे, फरसाण, कांदा, कैरी, सगळं मोठ्या परातीत ह्यांनी कालवलं, मुलांनी कागदी द्रोणात घेतली. तिसऱ्यांदा घेणारे होते.

जाताना मुलांना काय द्यायचं यावर मी बरंच डोकं चालवलं होतं. उत्तर तुमच्याकडूनच मिळालं. सुट्टे नसले की तुम्ही तिकिटामागे बाकी लिहून द्यायचात आणि उतरताना माणूस ती मागून घ्यायचा. मी प्रत्येक तिकिटामागे लिहिलं होतं, ‘बाकी: १ भोवरा’. सगळ्यांनी उतरताना तिकीट दाखवून आपली बाकी वसूल केली. लाकडी भोवरे, जाळीसकट, वीस रुपयांना एक. जाळी गुंडाळायची कशी हे मुलांना येईना, तेव्हा खालच्या मजल्यावरचे एक आजोबा लुंगीवरच आले आणि अर्धा तास शिकवत बसले. साडेसात वाजले तरी पार्किंगमध्ये भोवरे फिरत होते.

तुम्हाला स्पीकरवर घेतलं होतं तो भाग तुम्हाला माहीतच आहे. १९४८ ची पुणे–नगर पहिली गाडी, तिची लाकडी बॉडी, हे तुम्ही सांगत असताना अठराच्या अठरा पोरं गप्प होती. एकाने नंतर मला विचारलं, "हे आबा रोज गोष्ट सांगतात का?"

आता हिशोब. खोकी, रंग, कागद ३१०. केक २८०. भेळ ५२०. पन्ह्याच्या कैऱ्या आणि गूळ १४०. भोवरे ३६०. झेरॉक्स ४०. शर्टाची बटणं आणि दोरा ६०. एकूण १७१०. तपासून घ्या.

बाबा, मी नऊ वर्षांची झाले तेव्हाची एक गोष्ट तुम्हाला आठवते का, माहीत नाही. वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गुलाबाची फुलं काढलेला केक होता, म्हणून मलाही तसाच हवा होता. तुमची मुक्कामी गाडी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही थेट घरी आलात, कपड्यांवर धूळ, आणि साताऱ्याचे कंदी पेढे आणले होते, पाव किलो. मी पेढ्याला हात लावला नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, हातपाय धुऊन जेवायला बसलात. आईने तो पुडा फडताळात ठेवला. तुम्ही मुक्कामाच्या गावी कुठे झोपला असाल, रात्रीच्या भत्त्यात काय येत असेल, ते पेढे घ्यायला तुम्ही साताऱ्यात किती मिनिटं गाडीतून उतरला असाल, हे मला तेव्हा कुठून कळणार? खोक्यावर रात्री लाल रंग देताना मला सारखा तो पुडा दिसत होता. तीस वर्षांनी सांगते, मला माफ करा.

सोन्या झाला तेव्हा २०२० चा जून होता. तुम्ही त्याला मोबाईलच्या काचेतून पाहिलंत. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्याच आठवड्यात तुम्ही दोघं मास्क लावून दारात उभे होतात. बाबा दाराबाहेरच थांबले होते, आंघोळ केल्याशिवाय बाळाला हात लावणार नाही म्हणून. त्या दिवसापासून तो तुमच्या खांद्यावरचा आहे. पाचव्या वाढदिवसाला तुम्ही का नाही आलात, हे त्याने दिवसभरात चारदा विचारलं. आईचा डोळा बरा होतोय, असं सांगितलं की तो एक डोळा हाताने झाकून बघायचा.

पाच हजारांचं मी ठरवलंय. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ते त्याला राहू देत. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तिकडे आल्यावर उशीखाली ठेवून जाणार आहे. ह्यांचं काम लागलं की पहिला फोन तुम्हालाच करेन. आता काही लपवणार नाही.

आईला डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की त्याच शनिवारी या. सकाळची गाडी घ्या, उन्हाच्या आत पोचाल. आईला धुळीचा त्रास होईल, तिला खिडकीत बसवू नका, गॉगल काढू देऊ नका. तिचं तिकीट निम्मं, बाबांचं मोफत. बाबा, आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, कंडक्टर मागेल. सोन्याने तुमच्यासाठी एक तिकीट राखून ठेवलंय. ‘हाफ’ खोडून त्यावर मला ‘फुकट’ लिहायला लावलं आणि स्वतः पाच भोकं पाडली. खाकी शर्ट घालून तो स्वारगेटला उभा राहणार आहे. गाडीतून उतरलात की आधी तिकीट त्याच्याकडून घ्या. मागे बाकी लिहिलेली आहे, त्याच्याकडे एक भोवरा तुमचाही आहे.

तुमची लेक