रात्रपाळीच्या सिस्टरना, बेड नंबर सातकडून

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

काल सकाळी मी स्वतःच्या हाताने चहा गाळला. पातेलं सांडशीत धरलं, मनात देवाचं नाव घेतलं आणि ओतला. अर्धा ओट्यावर गेला, अर्धा कपात पडला. बायको मागे उभी राहून डोळे पुसत होती आणि त्याच दमात "आता हा ओटा कोण पुसणार" असंही म्हणत होती. पहिल्या घोटाला तुमची आठवण आली, म्हणून हे पत्र. दोन बोटांनी टाइप करतोय. आजारपणाआधी दुकानात लग्नपत्रिका दहा बोटांनी लावायचो, तेही कीबोर्डकडे न बघता.

तुमचं नाव लिहीत नाही. मी डिस्चार्ज घेऊन निघालो तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "नाव-गिव कुठं लिहू नका भाऊ, मॅडम रागावतात." हॉस्पिटलचं नावही लिहीत नाही. आणि तुमच्याआधी ज्यांच्या हाती मी पडलो त्यांचंही नाही, कारण ते लिहायला बसलो तर हे पत्र आभाराचं राहणार नाही.

तरी थोडं सांगतोच, मनात ठेवलं तर आंबेल. जानेवारी २०२५च्या पहिल्या आठवड्यात माझं पोट बिघडलं. तीन दिवस जुलाब, थोडा ताप, पोटात पिळवटून कळा. थांबलं, विसरलो. अकरा तारखेला तळपायांना मुंग्या आल्या. बारा तारखेला दुकानातून घरी चालत आलो आणि दारात बघतो तर एका पायात चप्पलच नाही. ती मागे कुठे निसटली ते पायाला कळलंच नव्हतं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, व्हिटॅमिन कमी आहे. सलाईन लावलं, लाल रंगाचं इंजेक्शन दिलं, वर स्टिरॉइडचंही एक ठोकलं. या आजारात स्टिरॉइडचा काही उपयोग होत नाही, हे मला फार नंतर कळलं. तेराला जिना चढता येईना. मोठ्या, काचेच्या दरवाजांच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्त काढलं, रिपोर्ट बघितले आणि मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं की सगळं नॉर्मल आहे, घाबरून जोरात श्वास घेतला की मुंग्या येतात, घरी जा, शांत झोपा. बायकोने विचारलं, "मग पाय का उचलत नाहीत?" ते म्हणाले, "मॅडम, यांना काउन्सेलिंगची गरज आहे." बिल मात्र व्यवस्थित मोजून दिलं.

दोन्ही ठिकाणी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारायचं कोणाला सुचलं नाही. रबराची हातोडी. संक्रांतीच्या दिवशी भाच्याने मला अक्षरशः पाठुंगळी मारून तुमच्याकडे आणलं, तेव्हा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी ती काढली. गुडघा ढिम्म. दुसरा गुडघा, घोटा, कोपर, सगळं ढिम्म. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गेल्या महिन्याभरात पोट बिघडलं होतं का?" मला वाटलं, पायाचं काय चाललंय आणि बाई पोटाचं काय विचारतात.

त्या एका प्रश्नात सगळं होतं, हे आता समजतं. माझ्या पोटात जो जंतू शिरला होता त्याचं नाव कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. दूषित पाण्यातून येतो, अर्धंकच्चं राहिलेल्या चिकनमधून येतो. बहुतेकांना चार दिवस जुलाब होतात आणि विषय मिटतो. पण या जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंची जी नक्षी असते, ती आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. शरीर जंतूला मारायला अँटिबॉडी तयार करतं, जंतू मरतो, पण अँटिबॉडी तीच नक्षी शोधत हिंडत राहतात आणि मज्जातंतूंवर तुटून पडतात. म्हणून पोट बरं झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पाय जातात. त्याला गियां-बारे सिंड्रोम म्हणतात, म्हणजे जीबीएस. हा जंतू पोटात गेलेल्या हजारात एखाद्यालाच तो होतो.

डॉक्टरीणबाईंनी नंतर हे समजावलं तेव्हा मी मनात हसलो होतो (हसू चेहऱ्यावर यायची सोय नव्हती). कारण हे पाप मी स्वतः केलेलं आहे. एकदा एका पत्रिकेत शेवटच्या क्षणी नवरदेवाचं नाव बदलायचं होतं, राम काढून श्याम. मी फाइंड अँड रिप्लेस मारलं आणि पत्रिका छापायला पाठवली. दुसऱ्या दिवशी मुलाकडचे लोक गठ्ठा घेऊन दुकानात. नवरदेव श्याम झाला होता, ते ठीक; पण निमंत्रकांत त्याचे काका तुकाराम होते, ते तुकाश्याम झाले होते, आणि मामा परशुश्याम. कॉम्प्युटरचं काय चुकलं? त्याला जे शोधायला सांगितलं तेच त्याने इमानाने शोधलं. माझ्या शरीराने माझ्या नसांचा असाच तुकाश्याम केला.

पण मुद्द्यावर येतो.

पहिल्या रात्री तुम्ही माझ्या कॉटशी आलात आणि म्हणालात, "भाऊ, एक मोठा श्वास घ्या अन् एका दमात आकडे म्हणा." मी सव्वीसपर्यंत गेलो. तुम्ही कागदावर लिहिलं. दोन तासांनी पुन्हा आलात. एकवीस. मला तो खेळ वाटला, थोडा रागही आला, झोपू देत नाही ही बाई. दुसऱ्या रात्री अठरा, मग चौदा, मग पहाटे अकरा. अकरा ऐकून तुम्ही माझ्याकडे बघून छान हसलात, "थांबा हं, आलेच" म्हणालात आणि दाराबाहेर गेल्यावर पळत सुटलात. चपलांचा आवाज मला ऐकू आला होता, सिस्टर. या आजारात श्वासाचे स्नायूही गळतात, दर चार-पाच जणांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. माझी पाळी आली.

त्यानंतरचे एकोणीस दिवस मी बाहेरच्यांसाठी एक पडलेला देह होतो. हातपाय गेले होते, चेहरा ओघळला होता, घशात नळी, पुढे गळ्याला भोक पाडून तिथून नळी. हलत होते ते फक्त डोळे. आणि आतमध्ये मी पूर्ण जागा. हे लोकांच्या लक्षात येत नाही. डोकं शाबूत असतं, आजार मेंदूबाहेरच्या नसांचा आहे. माझ्या अंगावरून हात पलीकडे टाकून दोघं जण पगारवाढीबद्दल बोलायचे. एक जण रोज सांगायचा, "सातवाला काही खरं नाही." एक नातेवाईक काचेपलीकडून नव्हे, माझ्या उशाशी उभं राहून बायकोला दुकानाचा गाळा कोणाच्या नावावर आहे ते विचारून गेले. मी सगळं ऐकलं. ते परवा पेढे घेऊन आले होते. मी दोन खाल्ले.

आणि नाक खाजायचं.

हे लिहिताना मला हसू येतं, पण देवाशपथ सांगतो, त्या दिवसांत मरणाची भीती दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या नंबरवर नाक. नळीच्या चिकटपट्टीचं टोक नाकपुडीपाशी यायचं आणि तिथे मुंगी चालल्यासारखं व्हायचं. तासन् तास. हात माझाच, बाजूलाच पडलेला, नाकापासून दीड फुटावर, आणि तो पुण्याहून नागपूरइतका लांब.

चौथी का पाचवी रात्र असेल. तुम्ही डोळ्यांत थेंब घालायला आलात. थेंब घातले, मग निघून न जाता तिथेच उभ्या राहिलात. म्हणालात, "भाऊ, काय होऊन राह्यलं? काही सांगायचं आहे का? डोळे वर केले की हो."

मी डोळे वर केले.

तुम्ही बाराखडीतल्या ओळी म्हणायला लागलात. क-ची ओळ? च-ची? ट-ची? त-ची? मी डोळे वर. मग त, थ, द, ध, न. वर. पुन्हा क-ची ओळ. वर. क. वर. "न... क. नको? नको म्हणता?" आणि तुम्ही घाबरून एकदम दोन्ही हात मागे घेतलेत. तेवढा जीव माझा त्याआधी कधी तळमळला नव्हता. मी डोळे खाली, खाली, खाली. तुम्ही कपाळाला आठ्या घालून विचार करत उभ्या. बाजूच्या मॉनिटरची टिकटिक. आणि मग तुमचा चेहरा उजळला, "अगोबाई! नाक! नाकाले खाज येऊन राह्यली का?"

गॉजची एक घडी करून तुम्ही तिच्या कोपऱ्याने माझं नाक खाजवलंत. डावीकडून, उजवीकडून, वरून. "इथं? अजून?" मी डोळे वर. किती वेळ, मिनिटभर असेल. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तुम्ही त्याच गॉजने पुसलंत आणि म्हणालात, "एवढं काय रडता भाऊ, मी आहो ना."

महागडी औषधं चालू होती, मोठे डॉक्टर येत होते, मशिन श्वास देत होतं. त्या सगळ्यांनी मला जिवंत ठेवलं. पण 'काय होतंय' असं मला, बायकोला नव्हे, मला, कोणीतरी विचारलं ते त्या रात्री.

पुढचं मला सकाळी बायकोकडून कळलं. तुम्ही केसपेपरच्या मागे स्केचपेनने लिहून कॉटच्या वर चिकटवलं होतं: 'पेशंट शुद्धीवर आहे. सगळं ऐकू येते. डोळे वर = हो. मधे मधे नाक खाजवावे.' त्या दिवसापासून माझ्या अंगावरून पगारवाढीच्या गप्पा बंद झाल्या. दिवसपाळीचा ब्रदर आत येताना "गुड मॉर्निंग काका" म्हणायला लागला. कूस बदलताना आधी सांगू लागले. सफाईच्या मावशी जाता जाता नाकाला हात लावून जायच्या, मोरयाला हात लावावा तशा. सांगा, चार ओळींचा कागद होता.

मी आत असताना बाहेर गहजब झाला होता. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यातून जीबीएसच्या बातम्या सुरू झाल्या: सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला, धायरी, नांदोशी. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, नोरोव्हायरस नावाचा पोट बिघडवणारा विषाणूही सापडला. जीबीएस हा जो शब्द दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांना आठवला नाही, तो आमच्या गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना वापरू लागली. सोसायटीत एकीने बायकोला सांगितलं, तुम्ही थोडे दिवस लिफ्ट वापरू नका. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही हो! लागलाच तर जंतू लागतो, तोही पोटात गेला तर. बायको रोज पाच मजले चढून डबा न्यायला यायची आणि उतरायची. तिनेही हे मला तीन महिने सांगितलं नाही.

बसल्या बसल्या या आजाराबद्दल पुष्कळ वाचतो. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रेंच सैन्यातल्या तीन डॉक्टरांनी असे दोन सैनिक तपासले. त्यांच्या पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली होती, पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. माझ्याही पाठीत सुई घालून तेच बघितलं. दोन्ही सैनिक बरे झाले. आजाराला नाव पडलं गियां आणि बारे यांचं. तिसरे होते आंद्रे स्ट्रोल. सैनिकांच्या नसांची विद्युत तपासणी त्यांनीच केली होती. त्यांचं नाव मागे राहिलं. ते वाचलं आणि मला का कोण जाणे, तुमच्या चपलांचा आवाज आठवला.

आणखी एकांचे आभार तुमच्यामार्फत मानायचे आहेत, कारण त्यांचा पत्ता कोणाकडेच नाही. मला पाच दिवस जे औषध दिलं, इम्युनोग्लोब्युलिन, ते कारखान्यात रसायनं मिसळून बनत नाही, हे मला माहीत नव्हतं. हजारो माणसांच्या रक्तातला प्लाझ्मा एकत्र करून त्यातून अँटिबॉडी वेगळ्या काढतात. माझं वजन सत्तर किलो, किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे १४० ग्रॅम. माझ्याच अँटिबॉडी माझ्यावर उलटल्या तेव्हा परक्यांच्या अँटिबॉडींनी येऊन त्यांना आवरलं. ती माणसं कोण होती? कोणत्या जातीची, कोणत्या गावची? त्यांच्यात कोणी त्या गाळ्याची चौकशी करणाऱ्यासारखाही असेल. असू दे. हात पुढे केला ना त्याने.

आता माझं बरं चाललंय. डाव्या पावलाला अजून पट्टा लागतो, नाहीतर ते फरफटतं. बोटांची पेरं थंडीत बधिरतात. नस रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढते असं फिजिओवाली मुलगी सांगते, म्हणजे कमरेपासून पावलापर्यंतचा हिशोब मी करून ठेवलाय आणि घाई सोडून दिली आहे. दुकान भाचा बघतो, मी दुपारी दोन तास जाऊन बसतो. नाक खाजलं की अजूनही मी एक क्षण थांबतो, मग हात उचलतो. उगाचच. उचलतोय हे बघायला.

तो कागद बायकोने निघताना कॉटवरून काढून पर्समध्ये ठेवला होता. एक कोपरा फाटलाय, 'खाजवावे'वर सलाईनचा डाग आहे. दुकान उघडल्यावर पहिलं काम केलं, तो लॅमिनेट केला. काउंटरच्या मागे लावलाय, गणपतीच्या फोटोशेजारी. गिऱ्हाईक वाचतात आणि माझ्याकडे विचित्र बघतात.

तुम्हाला हवा असेल तर कळवा. रंगीत प्रत काढून पाठवतो. मूळ मिळणार नाही.

तुमचा,
बेड नंबर सात