ऑफ तासांची वही

कराड,
रविवार, 8 जून 2025

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू तुमच्या शाळेत पर्यवेक्षक झाल्याचं फोनवर सांगितलंस. बाबांनी लगेच देवापुढे साखर ठेवली. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आई, आता मी स्टाफरूममध्ये गेले की बोलणं थांबतं गं." ते वाक्य डोक्यातून जाईना. पहाटे साडेचारला उठून चहा टाकला आणि लिहायला बसले. फोनवर एवढं बोलणं झालं नसतं. तुझी लेक मधेच 'आजी' म्हणून फोन ओढून घेते आणि मग तिचंच राज्य.

परवा मोफत पाठ्यपुस्तकांची गाडी आली तेव्हा सगळे शाळेत होते, ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज पडत होते आणि मराठीचे सर मान खाली घालून गठ्ठे मोजत राहिले, हे तू सांगितलंस ना, तिथूनच सुरुवात करते.

त्या सरांचं दुःख मला कळतं. ते 2001 साली डी.एड.वर लागले. पाचवी-सहावीचे वर्ग सांभाळत बी.ए. केलं, मग बी.एड. पूर्ण झालं ते 2011 मध्ये. तू 2008 साली बी.एस्सी. बी.एड. होऊनच आलीस. खासगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीत अनुसूची 'फ' आहे, तिच्याप्रमाणे सेवाज्येष्ठता यादीत तुझं नाव वर गेलं. यात तू कुणाचं काही हिरावलेलं नाहीस. तरी शाळेच्या पत्र्यातून पाणी गळत होतं तेव्हापासून ते तिथे आहेत, आणि शाळा सुरू झाली की तू काढलेल्या वेळापत्रकावर त्यांना चालायचं आहे. माझ्या नोकरीत या एका यादीपायी एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला न गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एकाच बाकावर बसून डबा खाणारी माणसं होती ती.

तू त्यांची माफी मागू नकोस. माफी मागितलीस तर तुझी नेमणूक चुकीची होती असा अर्थ निघेल. आणि कुणी विषय काढलाच तर नियम काढून दाखवू नकोस. नियम त्यांना तोंडपाठ आहे, त्यांनी तो तुझ्यापेक्षा जास्त वेळा वाचला असेल.

आता माझी एक गोष्ट सांगते, आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

मी 2012 मध्ये पर्यवेक्षिका झाले. तुला आठवत असेल, मी घरी येऊन किती उत्साहानं सांगायचे. कर्मचाऱ्यांचे वाढदिवस फळ्यावर लिहायला लावले, श्रावणात सगळ्यांचं एकत्र जेवण, कुणाकडे बारसं असलं की पाकीट. मला वाटायचं, आपला स्टाफ म्हणजे एक कुटुंब. आणि रोज सकाळी दहा-साडेदहाला मी ऑफ तासांची वही भरायचे. आज कोण रजेवर, कुणाचे तास कुणाला द्यायचे, समोर सही. पाच मिनिटांचं काम. भूगोलाच्या बाई रजेवर असल्या की आठवी 'ब'चा तिसरा तास कुणाला? ज्येष्ठ सरांना दिला तर ते वही परत पाठवायचे, "बाई, आज पेपर तपासायचेत." दुसऱ्या बाई तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पण दिवसभर माझ्याशी बोलायच्या नाहीत. मग माझं पेन आपोआप एका नावाकडे वळायचं. आमच्याकडे एक शिक्षण सेवक होता, पंचविशीतला, तुझ्याच वयाच्या आसपासचा. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला 8,000 रुपये मानधन मिळायचं. ते 18,000 झालं 2023 मध्ये. तीन वर्षं ही अशी काढायची आणि मग कायम व्हायचं. त्या तीन वर्षांत 'नाही' कोण म्हणणार?

2013 च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी मी वही भरून मामांच्या हातात दिली. आमचे शिपाई मामा फार कमी बोलायचे. त्या दिवशी वही हातात घेऊन दारात थांबले आणि म्हणाले, "बाई, ही आता मी उघडतबी न्हाई. सरळ प्रयोगशाळेत न्हेतो. धाकल्या सरांचीच असती."

मी वही परत मागून घेतली. त्या दुपारी दार लावून मी लाल पेनानं जुलैची पानं मोजली. एकूण 41 ऑफ तास. त्यातले 23 त्या एका मुलाचे. तीन ज्येष्ठांचे मिळून चार. माझा स्वतःचा एकही नाही. त्यातले कितीतरी तास चौथे होते, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधीचे. तो तास संपवून, वह्या गोळा करून, पोरांना पाणी प्यायला सोडून तो स्टाफरूममध्ये येईपर्यंत बाकीच्यांचे डबे धुऊन झालेले असायचे. प्रयोगशाळेतच बसून तो एकटा जेवायचा. मला वाटायचं, अबोल आहे.

त्याच्याकडे गेले तेव्हा तो परीक्षानळ्या पुसत होता. मी म्हटलं, "सर, मला तुम्ही सांगायचं तरी." तो एवढंच म्हणाला, "बाई, माझ्या वाढदिवसाला तुम्ही फळ्यावर नाव लिहिलं होतं." मनू, बारा वर्षं झाली, मला ते वाक्य अजून गिळता आलेलं नाही.

तेव्हा मला सावित्रीबाईंचं ते पत्र आठवलं. 10 ऑक्टोबर 1856 ला त्यांनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. आजारपणामुळे त्या माहेरी भावाकडे होत्या, पुण्यातल्या शाळेचा भार मागे राहिलेल्यांवर पडला होता. त्यात त्या लिहितात की फातिमाला, म्हणजे त्यांच्या बरोबरीच्या शिक्षिकेला, त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. भाषणात आपण हे पत्र त्यागाचा दाखला म्हणून वाचतो. मला मात्र त्यात पर्यवेक्षिका दिसते. अंथरुणात पडल्या पडल्या जिला आठवतंय की आपले तास कोण घेत असेल, आणि फातिमा बोलत नाही म्हणजे तिला त्रास नाही असं जी धरून चालत नाही. मी तर रोज शाळेत उभी असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे उभ्या रेघा मारायला सुरुवात केली, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पहिली रेघ माझ्या नावापुढे. आणि वही कार्यालयात न ठेवता स्टाफरूमच्या टेबलावर उघडी ठेवली. कुणाला काही बोलले नाही. पहिला आठवडा वाईट गेला. ज्येष्ठ सरांनी संस्थेत माझी तक्रारही केली. पण रेघा सगळ्यांना दिसत होत्या. तिसऱ्या आठवड्यात चित्रकलेच्या सरांनी आपण होऊन धाकट्या सरांचा चौथा तास घेतला आणि म्हणाले, "जा, आज गरम पोळी खा." त्यानंतर तो मुलगा स्टाफरूममध्ये जेवायला लागला. किती बोलायचा म्हणून सांगू! सगळ्या नकला यायच्या त्याला.

आधीचं ते वाढदिवसाचं, जेवणाचं मला आपोआप सुचलं होतं असं नाही. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करताना हॉथॉर्नचे प्रयोग अभ्यासाला होते, तुलाही असतील. अमेरिकेत शिकागोजवळच्या टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात 1924 पासून आठ वर्षं चाललेले. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढलं, मग कमी केला तरी म्हणावं तसं घटलं नाही, आणि आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलं की माणसाकडे लक्ष दिलं की तो चांगलं काम करतो. माझं वाढदिवसाचं खूळ त्यातूनच आलेलं. नंतर मी त्यावर अजून वाचलं, तेव्हा दोन गोष्टी कळल्या ज्या माझ्या नोट्समध्ये नव्हत्या. एक, वेगळ्या खोलीत रिले नावाचे टेलिफोनचे भाग जोडायला बसवलेल्या मुलींपैकी दोघींना फार बोलतात म्हणून 1928 मध्ये काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. म्हणजे तिथेही बोलणारीची जागा गेली. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्यांनी पुढे हजारो कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आधी ठरावीक प्रश्न विचारत. पण माणसं प्रश्नाचं उत्तर अर्ध्यात सोडून आपल्या मनातलंच बोलायला लागायची. शेवटी त्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि नुसतं ऐकायचं ठरवलं.

तू हे करून बघ. आठवड्याला एकाशी, कार्यालयात बोलावून नको, तूच त्यांच्या जागी जा. आमच्या एका बाई रोज दहा मिनिटं उशिरा यायच्या, मस्टरवर लाल रेघा, आणि परिपाठ चालू असताना मुख्याध्यापक मुलांदेखत घड्याळाकडे बघायचे. कुणीच कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर कळलं की त्यांच्या गावच्या एसटीची वेळ बदलली होती, आधीची गाडी थेट दीड तास आधी. त्यांचा पहिला तास शेवटी नेला, झालं. मुलांसमोर ज्या बाईंची पत गेली होती ती मात्र परत यायला वर्ष लागलं. सहकाऱ्याला मुलांसमोर काही बोलायचं नाही, भुवईनंसुद्धा नाही, एवढं माझं ऐक.

क्लार्कना विसरू नकोस. शालार्थमध्ये, म्हणजे पगाराच्या त्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत, बिल अडकलं की सगळा स्टाफ त्यांच्या खिडकीशी जाऊन आवाज चढवतो, आणि चूक बहुतेक वेळा त्यांची नसते. एक तारखेला तू तिथे उभी राहा.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, पाहुणे आले की, रांगोळी बाईंनी काढायची, ओवाळायचं बाईंनी, चहाचे कप बाईंनी भरायचे. सकाळी सहाला आंघोळ करून घरातलं सगळं आवरून आलेल्या बाया या. मी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि मुख्याध्यापक झाल्यावरही हे मोडलं नाही, कारण मला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गणिताच्या एका बाईंनी माझ्या निवृत्तीच्या दिवशी सांगितलं की त्यांना रांगोळीचा मनापासून तिटकारा आहे आणि त्यांना सूत्रसंचालन करायचं होतं. आधी कधीच कुणी विचारलं नाही. तू या पंधरा ऑगस्टच्या कामांच्या चिठ्ठ्या टाक. सरांना ओवाळता येत नाही हे मला पटत नाही.

आता मराठीच्या सरांबद्दल. सोमवारी 16 ला शाळा सुरू होते. त्याआधी, बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जा. पेढे नेऊ नकोस, ते पेढे त्यांनी कोणत्या तोंडानं खायचे? वेळापत्रकाचा कच्चा कागद ने, पेन्सिलीनं केलेला. खोडरबरही ने. त्यांना सांग की सर, पाचवी ते दहावी तुम्ही सगळे वर्ग घेतलेत, मला जेवणाच्या सुट्टीनंतरचे तास बसत नाहीत. आणि हे खोटं बोलायचं म्हणून बोलू नकोस. खरंच अडलं असेल तेच विचार. तुला बसत नसणारच, पहिल्या वर्षी कुणालाच बसत नाही. शेवटच्या तासाला दहावीला बीजगणित टाकलं की पोरं पेंगतात, आणि चित्रकलेचे, खेळाचे तास दहावीच्या जादा तासांसाठी उचलायची जी सवय शाळांना लागली आहे ती त्या शिक्षकांना किती बोचते, हे सरांनी चोवीस वर्षं बघितलंय.

ते कदाचित काहीच बोलणार नाहीत. बसवतील, चहा देतील, "तुम्हीच बघा मॅडम" म्हणतील. तर कागद तिथेच ठेवून ये. "शनिवारी नेते" म्हण आणि निघ. वहिनींशी दोन शब्द बोल, त्यांच्या गुडघ्याचं विचार.

आमच्या शाळेत आता नवी वही आहे. माझी जुनी मी निवृत्त होताना मागून आणली होती. शेवटच्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे, रेघा कशा मारायच्या ते दिसेल. पहिलं नाव तुझं लिही.

शनिवारी रात्री फोन कर. सरांनी कुठला तास खोडला ते मला ऐकायचंय.

तुझी,
आई