जूरर नंबर नऊ आणि काकूंची डबी

प्रिय विन्या,

तुझे तीन मेसेज वाचून तसेच पडलेत, उत्तर दिलं नाही, राग धरू नकोस. जे सांगायचंय ते फोनवर जमलं नसतं, आणि तू फोनवर मधेच "हं हं" करायला लागलास की मी गप्प होतो. माझी तब्येत बरी. शुगर आटोक्यात, गुडघा आहे तसाच.

मागच्या आठवड्यात मला ज्यूरी ड्यूटीतून, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की नाही हे ठरवायला साध्या नागरिकांना कोर्टात बसवतात त्यातून, मोकळं केलं. इथे ऑफिसात हे सांगितलं की लोक "लकी यू" म्हणतात, एकाने तर टाळी दिली. घरीही तेच, सुटलास बाबा एकदाचा. मला मात्र चार रात्री झोप नाही आणि ती का नाही हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार.

तुला माहितीये मला ते करायचं होतं. अमेरिकेच्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत विचारलं होतं की फक्त सिटिझनचीच असते अशी एक जबाबदारी सांगा. मतदान म्हटलं तरी चाललं असतं, मी ज्यूरी म्हणालो. त्यामुळे समन्स आलं तेव्हा हिने दहादा सांगितलं की हार्डशिपचा फॉर्म भर, अडचण सांगून सुटका माग, ऑफिसातलं रिलीज तोंडावर आलंय, तर मी नाही म्हटलं. आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर ग्रुप नंबर बघितला, सकाळी सॅन होजेला वेळेआधी हजर. पहिला दिवस बसण्यातच गेला. कुणाची आई आजारी, कुणाची रोजंदारी बुडते (इथे दुसऱ्या दिवसापासून पंधरा डॉलर मिळतात, त्यात कुणाचं घर चालणार), अशी कितीतरी माणसं पहिल्याच दिवशी घरी गेली. दुसऱ्या दिवशी माझा नंबर पुकारला आणि मी आत जाऊन नवव्या खुर्चीत बसलो.

केस लुबाडणुकीची होती. आरोपी म्हणजे पोरगाच, एकोणीस-वीसचा असेल, शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा मोठा. कशावर काय झालं हे आम्हाला सांगत नाहीत, पण प्रश्नांवरून कळतंच. सरकारी वकील बाई एकेकाला विचारत होत्या, समजा पुरावा म्हणून एकच साक्षीदार असेल, दुसरं काही नाही, आणि तुमचा त्याच्यावर शंका न उरता विश्वास बसला, तर दोषी ठरवू शकाल का? कायद्याने एक साक्षीदार पुरतो इथे. सगळे हो म्हणाले. सहा नंबरच्या आजी हो म्हणाल्या, आठ नंबरचा दाढीवाला हो म्हणाला, मग माझ्याकडे वळल्या.

आणि विन्या, मला काकूंची मेस दिसली. तो जिन्याखालचा अंधार, कोनाड्यातली डबी, आणि निळ्या शर्टाची पाठ.

मी सांगितलं सगळं. आधीच खरं बोलायची शपथ दिलेली असते. म्हटलं की मी एकदा असा एकच साक्षीदार होतो. कॉलेजात असताना आमच्या मेसमधून सातशे रुपये गेले, मी सांगितलं की मेसमधल्या बाळूला पैशांच्या डबीपाशी पाहिलं, मला शंभर टक्के खात्री होती, माझ्या शब्दावर त्याला त्याच संध्याकाळी काढलं. पंधरा दिवसांनी पैसे गव्हाच्या डब्यात सापडले, काकूंनी स्वतःच हलवले होते. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो, मी चुकलो होतो, आणि चुकताना माणसाला अगदी बरोबर असल्यासारखंच वाटतं. हे पन्नास-साठ अनोळखी लोकांसमोर इंग्रजीत बोललो मी, जे घरीसुद्धा कधी बोललो नाही. बोलताना तो पोरगा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघत होता.

जज भले होते. म्हणाले, मी कायदा समजावून सांगेन, तो पाळाल ना? मी म्हटलं प्रयत्न करीन. तू असतास तर तिथेच मला चिमटा काढला असतास. "प्रयत्न करीन" हे उत्तर तुला कधीच चाललं नाही, स्कूटरची चावी परत द्यायची असो की आणखी काही.

थोड्या वेळाने त्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, द पीपल जूरर नंबर नऊचे आभार मानून त्यांना मोकळं करतात. कॅलिफोर्नियात सरकारी पक्षाला पीपल म्हणतात. कारण द्यावं लागत नाही, दोन्ही बाजूंना अशी ठरावीक माणसं काढता येतात. ऑफिसातला एकजण म्हणाला तुझ्या अॅक्सेंटमुळे काढलं असेल, मी म्हटलं नाही, 2022 पासून इथे क्रिमिनल केसमधे वंशावरून, भाषेवरून ज्यूररला काढायला कायद्यानेच अडवलंय, आणि मला कशासाठी काढलं ते मला पक्कं ठाऊक आहे. पण ते "पीपल" फार लागलं रे. ज्यांच्या नावाने मला उठवलं त्यांच्यात मी आता धरला जातो ना?

आता खरी गोष्ट. उठून दाराकडे जाताना पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं. रिलीज आठवलं, पार्किंग आठवलं. आणि लिफ्टपाशी पोचेपर्यंत पोटात खड्डा. ती गोष्ट मी खरी म्हणून सांगितली की सुटायला सांगितली? मी स्वतःला पन्नासदा विचारलंय, एकदा एक उत्तर येतं एकदा दुसरं. नुसतं "हो, कायदा पाळीन" म्हटलं असतं तर मी आत असतो. साक्षीदार किती लांबून बघत होता, उजेड किती होता, हे आत बसून विचारायला मी असतो.

तुला हायकोर्टातली टिळकांची पाटी आठवते? ज्यूरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे सगळ्या शाळेला पाठ. आणि तू बाहेर येऊन व्हीटीपर्यंत भांडलास की 1908 च्या त्या नऊ जणांत दोघे पारशी होते आणि ते दोघे नाही म्हणाले होते, त्यांची नावं कुणीच का घेत नाही. मी म्हणालो होतो सात विरुद्ध दोन, काय फरक पडला, मंडाले चुकलं का? तेव्हा तू वडापावसुद्धा वेगळा घेतलास. विन्या, इथे बाराच्या बारा लागतात. एकजण अडला तरी दोषी म्हणता येत नाही. इथे एकाने फरक पडतो आणि मी त्या खुर्चीवरून उठून आलो. तू असतास तर बसला असतास, आणि बाकी अकरा जणांना चहाच्या वेळेपर्यंत वैताग आणला असतास.

मेसमधेही तूच एकटा विचारत होतास, तोंड पाहिलंस का? तोंड पाहिलंस का? आणि मी शर्ट, शर्ट करत राहिलो. दोन महिने बोलला नाहीस माझ्याशी. पैसे सापडले त्या रात्री तू येऊन काहीच म्हणाला नाहीस, नुसता बसलास, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतो.

केसचं काय झालं मला कळलेलं नाही. शोधलं तर सापडेलही, धीर होत नाही.

मावशींचं मोतीबिंदूचं झालं ना नीट? ओवीला कुठे मिळाली अॅडमिशन ते सविस्तर लिही, पैशाचं काही असेल तर लाजू नकोस. गच्चीच्या गळतीचं मागच्या वेळी बोललास, पावसाआधी करून घे.

आणि एक. बाळू भोरच्या बाजूचा होता एवढंच मला आठवतंय. तू त्यानंतर एकदा त्याच्या घरी जाऊन आला होतास, मला न सांगता, हे मला सुध्याने खूप नंतर सांगितलं. गावाचं नाव तुला नक्की माहीत असणार. मी डिसेंबरमधे येतोय. नाव कळव, आणि जमलं तर बरोबर चल.

तुझा,
दिप्या