न केलेल्या ऑइल कूलर ड्रेनची मजुरी आणि इंजिनात जास्त भरलेले ऑइल यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग,
वागळे इस्टेट, ठाणे

महोदय,

गेल्या शनिवारी माझी डिझेल गाडी आपल्याकडे सर्व्हिसिंगला दिली होती. तिला रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर आहे. इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरचा बोल्ट काढला तरी कूलरमधले आणि त्याच्या पाइपांतले जुने ऑइल आतच राहते, तेही काढायला हवे, असे आपल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सांगितले. मुद्दा पटला, मी होकार दिला. बिलात त्याची वेगळी मजुरी १,४०० रुपये आणि ऑइल ७ लिटर लागले.

सोमवारी आईला घेऊन वसईला निघालो. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला आरशात निळा धूर, म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण, दिसला. सपाट जागी गाडी लावून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! तिथून टोइंग करून गाडी कासारवडवलीला एका मेकॅनिककडे आणली.

खालचे कव्हर काढल्यावर कूलरच्या पाइपांचे दोन्ही नट दिसले. पावसाळ्यातला चिखल त्यांच्या कडांवर वाळून घट्ट बसला होता. मी नखाने खरवडला तेव्हा सुटला. त्या नटांना पाना लागलेलाच नाही. फोटो सोबत जोडले आहेत.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ऑइल बदलताना ६.२ लिटर आणि पूर्ण रिकाम्या इंजिनाला ७ लिटर असे दोन आकडे आहेत. आपण कूलर रिकामा केला नाही, पण ऑइल मात्र तो रिकामा धरून भरले. मेकॅनिकने मापाने ८०० मिली काढले, तेव्हा पातळी खुणेवर आली. (नेहमीच्या ऑइल बदलात कूलर उघडायला मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच नाही. ऑइलमध्ये धातूचा चुरा किंवा कूलंट सापडले असते तर गोष्ट वेगळी होती.)

ऑइल इतके वर गेले की इंजिनाचा फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, ते घुसळते, फेस होतो आणि बेअरिंगना नीट वंगण मिळत नाही. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ते इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, गेले आणि डिझेल इंजिन त्यावरच चालू लागले, तर चावी काढूनही बंद होत नाही. मागच्या सीटवर माझी आई होती. गाडी ताब्यात देण्याआधी कोणी डिपस्टिक ओढून पाहिली असती, तर एवढ्यात भागले असते. फोन केला तर आपल्या माणसाने "साहेब, थोडं जास्त ऑइल चांगलंच असतं" असे उत्तर दिले. याचा मला सर्वांत जास्त संताप आला.

मजुरीचे १,४०० रुपये, जादा ऑइलची किंमत आणि टोइंगचा खर्च परत करावा. इनटेक पाइप, इंटरकूलर आणि ऑइल सील माझ्यासमोर विनामूल्य तपासून लेखी अहवाल द्यावा. यापुढे किती ऑइल निघाले आणि किती भरले, हे प्रत्येक जॉबकार्डवर लिहावे.

आठ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला ग्राहक
(नाव व गाडी क्रमांक जॉबकार्डप्रमाणे)

सोबत: बिल, जॉबकार्ड, टोइंगची पावती, नटांचे व डिपस्टिकचे फोटो